शंका-समाधान : त्रुटी घटते, उत्तर मात्र चुकते

प्रश्न : मी गणितात एम.एस्सी. करते. जमिनीवर घेतलेल्या स्फोटांच्या नोंदींवरून आतल्या थरांतला तरंगवेग शोधणारा द्विमितीय प्रोग्रॅम लिहिला आहे. नोंदींची मुख्य वारंवारता ८ हर्ट्झ. मोजलेल्या आणि गणिताने काढलेल्या नोंदींतली त्रुटी भराभर उतरते, मग अडते, आणि हाती येणारे वेगाचे चित्र साफ चुकीचे असते. ग्रिड (गणनेच्या बिंदूंची जाळी) बारीक करूनही फरक पडला नाही.

उत्तर : ग्रिडपेक्षा दाट शंका सुरुवातीच्या मॉडेलची, म्हणजे आधी धरलेल्या वेगाच्या चित्राची येते. ८ हर्ट्झचा आवर्तकाल १२५ मिलिसेकंद. मोजलेली आणि गणिताने काढलेली नोंद यांत त्याच्या निम्म्याहून, म्हणजे ६२ मिलिसेकंदांहून जास्त फरक पडला की प्रोग्रॅम एका शिखराची सांगड शेजारच्या शिखराशी घालतो. वर्गत्रुटी (फरकांच्या वर्गांची बेरीज) तरीही घटत राहते, म्हणूनच ही फसगत लवकर ध्यानात येत नाही. समजा रिसीव्हर, म्हणजे तरंग टिपणारे यंत्र, स्फोटापासून ४ किलोमीटरवर आहे, खरा वेग सेकंदाला २००० मीटर आणि तुम्ही धरला १९००. तरंग २ सेकंदांऐवजी २.१०५ सेकंदांनी पोहोचेल. वेगातली चूक अवघी ५ टक्के, पण १०५ मिलिसेकंदांनी घात केला.

३ हर्ट्झला हीच मर्यादा १६७ मिलिसेकंद होते. तेव्हा आधी ३ हर्ट्झपर्यंतचाच भाग घ्या, उत्तर स्थिरावले की ५, मग ८. वरच्या वारंवारता काढून टाकणारी गाळणी मोजलेल्या नोंदींना लावाल तीच स्रोताच्या (स्फोटाच्या) सिग्नललाही लावा. हे हमखास विसरले जाते. इतक्या खालचा भाग गोंगाटात बुडाला असेल, तर पहिल्या आगमनाच्या वेळांवरून ढोबळ वेग आधी काढून घ्या. दर टप्प्याआधी सर्वांत दूरच्या रिसीव्हरच्या दोन्ही नोंदी एकमेकींवर ठेवून डोळ्यांनी पाहा. नुसत्या त्रुटीच्या आलेखावर विसंबू नका.

ग्रेडियंटही, म्हणजे मॉडेल जरा बदलले की त्रुटी किती बदलते याचे मापही, तपासा. नोंदींतला फरक काळात उलटा करून रिसीव्हरच्या जागेवरून सोडायचा आणि स्रोतापासून निघालेल्या तरंगाशी गुणून काळावर बेरीज घ्यायची, ही तो काढण्याची लायी (१९८३) आणि टारांटोला (१९८४) या संशोधकांची वाट. एखाद्या दिशेने मॉडेल किंचित हलवून त्रुटीत पडणारा फरक मोजा. ग्रेडियंटने वर्तवलेल्या फरकाशी त्याचे गुणोत्तर १ च्या जवळ यायला हवे. नेहमी २ किंवा उणे १ येत असेल, तर चूक सूत्रातल्या गुणकात किंवा चिन्हात आहे.

प्रश्न : माहीत असलेल्या वेगावरून प्रोग्रॅमनेच तयार केलेल्या कृत्रिम नोंदींवर उत्तर हुबेहूब मिळते. प्रोग्रॅम बरोबर म्हणावा का?

उत्तर : नाही. नोंदी तयार करताना आणि त्यांवरून वेग शोधताना ग्रिड एकच असेल, तर गणनेतल्या चुका परस्पर कटतात. नोंदी निम्म्या अंतराच्या ग्रिडवर तयार करा, त्यांत गोंगाट मिसळा, मग पाहा.