नाव न छापलेली प्रचारपत्रके आणि कमी रकमेचे बिल

प्रश्न : कराडमध्ये माझा लहानसा छापखाना आहे. सांगली जिल्ह्यातील एका विधानसभा उमेदवाराच्या कार्यकर्त्याने पंधरा हजार प्रचारपत्रकांचे काम फोनवरून दिले. छापखान्याचे नाव घालू नका, बिल एक तृतीयांश रकमेचे करा, बाकीचे रोख देतो, असे तो म्हणतो. पैसे गावच्या वर्गणीतले असल्याने उमेदवाराच्या खर्चाशी त्यांचा संबंध नाही, असाही त्याचा दावा आहे. पाच हजार पत्रके त्याने नेली आहेत. मी काय करावे?

उत्तर : उरलेली छपाई कृपया आजच थांबवावी. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम १२७-क प्रमाणे निवडणूक पत्रकाच्या दर्शनी भागावर मुद्रक आणि प्रकाशक (म्हणजे पत्रक छापून घेणारा) या दोघांची नावे व पत्ते असलेच पाहिजेत. छपाईला हात लावण्यापूर्वी प्रकाशकाने आपल्या ओळखीचे घोषणापत्र, स्वतःची स्वाक्षरी आणि त्याला व्यक्तिशः ओळखणाऱ्या दोघांचे साक्षांकन यांसह, दोन प्रतींत आपल्याकडे द्यावयाचे असते; छपाईनंतर वाजवी मुदतीत त्यातील एक प्रत पत्रकासोबत जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे पाठविण्याची जबाबदारी मुद्रकाची आहे. उमेदवार सांगली जिल्ह्यातला असला तरी छपाई कोठे झाली हेच कायदा पाहतो, आणि कराड सातारा जिल्ह्यात येते, म्हणून आपली कागदपत्रे साताऱ्यालाच गेली पाहिजेत. निवडणूक आयोगाच्या सूचनांप्रमाणे प्रतींची संख्या आणि आकारलेली रक्कमही कळवावी लागते. उल्लंघनाला सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

वर्गणीचा युक्तिवाद गावोगावी ऐकू येतो आणि पुष्कळदा प्रामाणिकपणे केला जातो, पण त्याने सुटका होत नाही. उमेदवाराने किंवा त्याच्या निवडणूक प्रतिनिधीने केलेला अथवा करण्यास संमती दिलेला खर्च कलम ७७ प्रमाणे हिशेबात धरला जातो, पैसा कोणाच्याही खिशातून आलेला असो. महाराष्ट्रात विधानसभेसाठी त्याची मर्यादा ४० लाख रुपये आहे. उमेदवाराने लेखी अधिकार दिलेलाच नसेल, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १७६ खाली खर्च करणारा स्वतः दहा हजार रुपयांपर्यंतच्या दंडास पात्र ठरतो. त्यात सूट आहे ती अवघ्या दहा रुपयांपर्यंतच्या खर्चाला, आणि तीही दहा दिवसांत उमेदवाराची लेखी मान्यता मिळविल्यास.

कमी रकमेचे बिल आपण कोणत्याही परिस्थितीत करू नये, असे माझे ठाम मत आहे. खर्चाची मर्यादा कायद्यात कितीही कडक लिहिली, तरी ती पाळली गेली की नाही हे छापखाना, मांडव आणि गाड्या यांच्या बिलांवरूनच कळते, आणि मुद्रकानेच बिल खोटे केले तर साध्या, पैसे नसलेल्या उमेदवाराला मिळणारे संरक्षण तेथेच संपते. शिवाय जिल्हा निवडणूक अधिकाऱ्यांची प्रचारखर्चाच्या बाबींची दरसूची असते आणि निवडणूक यंत्रणा खर्चाची स्वतंत्र नोंदही ठेवते, त्यामुळे तफावत उघडी पडण्याचा संभव मोठा आहे; तशी ती पडल्यास बिलावरची आपली सही आपल्याविरुद्धचा पुरावा होईल, जीएसटीची चौकशी वेगळीच. पुढचे काम घ्यायचेच असेल तर उमेदवाराचा लेखी आदेश आणि घोषणापत्र आधी घ्यावे, बिल पूर्ण रकमेचे करावे आणि रक्कम उमेदवाराच्या निवडणुकीसाठीच्या स्वतंत्र बँक खात्यातून स्वीकारावी. संपूर्ण निवडणुकीत एका व्यक्तीला १०,००० रुपयांहून अधिक रोख देण्यास आयोगाची मनाई आहे.

गेलेल्या पाच हजार पत्रकांचा प्रश्न अवघड आहे. आता घेतलेले घोषणापत्र झालेले उल्लंघन पुसून टाकत नाही, आणि मागील तारखेचे घोषणापत्र करण्याचा सल्ला कोणी दिल्यास तो मुळीच ऐकू नये, कारण त्यातून बनावट दस्तऐवजाचा कितीतरी गंभीर गुन्हा उभा राहील. न वाटलेली पत्रके लेखी पत्र देऊन परत मागवावीत. जिल्हादंडाधिकाऱ्यांना स्वतःहून कळविणे मला श्रेयस्कर वाटते. मात्र असे पत्र कबुली म्हणून वाचले जाऊ शकते, तेव्हा त्याचा मसुदा फौजदारी काम करणाऱ्या वकिलांकडून तपासून घेतल्याशिवाय देऊ नये. कलम १२७-क खालील गुन्हा अदखलपात्र (पोलिसांना वॉरंटशिवाय अटक करता न येणारा) आणि जामीनपात्र असल्याने अटकेच्या भीतीने घाईघाईत काही लिहून देण्याची आवश्यकता नाही. कार्यकर्त्याचे व्हॉट्सअ‍ॅप संदेश, मजकुराचा कच्चा नमुना आणि पत्रके नेल्याची नोंद मात्र आहे तशी जपून ठेवावी.