एका हातात चमचा, एका हातात माळ

सोलापूर जिल्ह्यातल्या एका ताईंचं पत्र आलं आहे. सासूबाईंना अर्धांगवायू होऊन तीन वर्षं झाली, त्यांचं सगळं या एकट्याच करतात. आधी आषाढीची वारी चुकत नसे, अधिक महिन्यात ज्ञानेश्वरीचं पारायण असे. आता दोन्ही सुटलं. जप तरी सुटू नये म्हणून पेज भरवताना एका हातात चमचा आणि दुसऱ्या हातात माळ. परवा सासूबाईंनी घास थुंकला, तो माळेवर सांडला आणि ताई त्यांच्यावर ओरडल्या. त्यातच एका प्रवचनात ऐकलं, की मनात मागणं असेल तर ती भक्ती नव्हे, तो व्यवहार. त्या लिहितात, ‘मुलाला नोकरी लागावी म्हणून मी नवस बोलले आहे. कुणीतरी “किती करतेस गं” म्हणावं असंही वाटतं. म्हणजे माझं सगळं खोटंच का? संसारात राहून निष्काम भक्ती होते तरी का?’

प्रिय ताई,

पेज भरवून होईपर्यंत माळ खुंटीला अडकवून ठेवा. अपमान नाही होणार तिचा. अर्धांगवायूच्या माणसाला गिळताना त्रास होतो, घास श्वासनलिकेत गेला तर जिवावर बेतू शकतं. त्यांना नीट टेकवून बसवायचं, छोटा घास द्यायचा, तो गिळला का ते बघायचं आणि मगच दुसरा. याला दोन्ही हात लागतात आणि पूर्ण लक्ष लागतं. त्या थुंकल्या ते हट्टाने नसेल, घास खाली उतरतच नसेल. डॉक्टरांना हे आवर्जून सांगा.

तुम्ही ज्या ग्रंथाचं पारायण करत होतात, त्याच्या अठराव्या अध्यायात ज्ञानोबा म्हणतात, त्या सर्वात्मक ईश्वराची स्वकर्माच्या फुलांनी पूजा केली की तो अपार संतोषतो. फुलं कुठली, तर आपल्या वाट्याला आलेल्या कामाची. मग चमचा हातात असताना वेगळी माळ कशाला ओढायची? त्या ओढाताणीत दोन्ही बिघडतं. घास चुकतो, जपही चुकतो आणि राग बिचाऱ्या सासूबाईंवर निघतो. त्या दिवशी ओरडलात ते थकव्याने. त्यांचा हात हातात घेऊन ‘चुकलं हो माझं’ एवढं म्हणा, आणि ते तिथेच सोडा.

आता नवसाचं. प्रवचनकारांबद्दल आदर ठेवून सांगते, त्यांनी अर्धंच सांगितलं. गीतेच्या सातव्या अध्यायात भगवंत चार प्रकारचे भक्त सांगतात: संकटात हाक मारणारा आर्त, जाणून घेऊ पाहणारा जिज्ञासू, काहीतरी हवं असलेला अर्थार्थी आणि ज्ञानी. ज्ञानी सर्वांत प्रिय हे खरं, पण लगेच पुढे ते म्हणतात, की हे सगळेच उदार आहेत. मागणाऱ्याला त्यांनी दारातून हाकललेलं नाही. आईने मुलासाठी देवाकडे मागू नये, तर मग कुणाकडे मागावं?

मागणं आणि सौदा यांतला फरक मात्र पाहायला हवा. सौद्यात माल मिळाला नाही की गिऱ्हाईक दुकान बदलतं. तुमच्याच पत्रात एक ओळ आहे, तुम्ही ती सहज लिहून पुढे गेलात. मुलाची निवड झाली नाही असं कळलं, त्या संध्याकाळी तुम्ही नेहमीसारखा देवापाशी दिवा लावलात आणि त्याला जेवायला वाढलंत. ताई, निष्काम भक्ती म्हणून जे काही तुम्ही शोधताय, ते त्या संध्याकाळी तुमच्या घरात झालेलं आहे. मनात इच्छा उठणं थांबणार नाही, आपण दगड नाही. इच्छा पुरी झाली नाही तरी देवाचं बोट सुटलं नाही, गृहस्थाच्या बाबतीत मी एवढंच पाहते.

आणि ‘किती करतेस गं’ ऐकावंसं वाटतं, यात कसली आली अपवित्रता? ती भूक माणसांकडून भागायची असते. ती दाबून देवापाशी नेली की तिथे नुसती रड होते. लिहिलंय तुम्ही, की नणंदबाई फोनवर म्हणतात, ‘वहिनी, पुण्य कमावतेस.’ आणि यजमान म्हणतात, ‘सेवा हीच तुझी भक्ती.’ हे वाचून मला राग आला. निष्काम हा शब्द ज्याने त्याने स्वतःच्या मनाला लावायचा असतो. दुसऱ्याच्या पाठीवर ओझं चढवताना तो वापरणं हा सरळसरळ अन्याय आहे.

पुंडलिकाची गोष्ट यजमानांना ठाऊक नसेल असं नाही, पंढरपूर तुमच्याच जिल्ह्यातलं. आईवडिलांना आधी छळणारा तो मुलगा, कुक्कुट ऋषींच्या आश्रमात त्याचे डोळे उघडले आणि तो त्यांच्या सेवेला लागला. देव दाराशी आला तर त्याने वीट फेकली आणि ‘थांब’ म्हणाला. आपण शतकानुशतकं ही कथा सांगतो, पण एक गोष्ट डोळ्याआड करतो. पाय चेपत होता तो मुलगा. सुनेला चेपायला बसवून तो मंदिरात गेला नव्हता. पांडुरंग विटेवर उभा राहिला तो मुलाच्या हातांसाठी. आईची कूस बदलणं, रात्री उठणं, भांडं देणं हे यजमानांनी करायला हवं, आणि ते ‘बायकोला मदत’ म्हणून नाही. त्यांच्या आईची सेवा आहे ती. तुम्ही सगळं एकटीने उरकता, तेव्हा त्यांची साधनाही त्यांच्या हातून काढून घेता, हेही जरा मनात आणा.

भांडणाच्या सुरात बोलू नका, पण मोघमही बोलू नका. ‘तुम्ही काहीच करत नाही’ याला उत्तर मिळत नाही. ‘रात्री दहा ते पहाटे पाच आई तुमच्याकडे’ याला हो किंवा नाही म्हणावंच लागतं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. रोज रात्री हे एकटीने केलं तर कुणाचाही तोल जाईल. नणंदबाईंनाही सांगा, पुण्यात वाटा हवा असेल तर मे महिन्यात पंधरा दिवस येऊन राहा. परवडत असेल तर दिवसा एखाद्या मावशी ठेवा. पैसे देऊन माणूस ठेवलं म्हणून सेवा हलकी होत नाही.

वारी सुटल्याची खंत तुम्ही दोनदा लिहिली आहे. नामदेव, गोरोबा, एकनाथ, तुकोबा, सगळे संसारीच, आणि अरणचे सावतोबा तर मळा सोडून पंढरीला गेले नाहीत असंच परंपरा सांगते. १२९५ साली त्यांनी समाधी घेतली, आणि आजही पंढरपूरहून देवाची पालखी त्यांना भेटायला अरणला जाते. माढा तालुका तुम्हाला लांब नाही. जीव फारच तळमळला तर एखाद्या सकाळी निघा, दर्शन घ्या आणि जेवायच्या वेळेला परत या. मात्र घरात दुसरं माणूस तयार झालं, की आषाढीलाही खुशाल जा. सासूबाईंना सोडून गेले म्हणून मन खाऊ देऊ नका.

रोजचा अर्धा तास स्वतःचा ठेवा, दार लोटून. पारायण नाही जमलं तर चार ओव्या वाचा, किंवा नुसत्या बसा. माळ तेव्हा हातात घ्या.

शेवटी, रोज रडू येतं आणि झोप लागत नाही असं लिहिलंय, ते मी सोडून देणार नाही. याच आठवड्यात स्वतःसाठी डॉक्टरांकडे जा. घराबाहेर पडणं जमत नसेल तर १४४१६ हा सरकारी टेलिमानस हेल्पलाइनचा नंबर आहे, मराठीतून बोलता येतं. यजमानांशी बोलणं झालं की काय ठरलं ते कळवा. त्यांनी नकार दिला तरी कळवा, मग त्यांच्यासाठी वेगळं पत्र लिहीन.