खिडकीतली रोपं उंच होऊन लोळतात : आधी बाटली बाजूला ठेवा

प्रश्न : घरात खिडकीशी टोमॅटो, मिरची आणि काकडीची रोपं तयार केली. ती लांबुडकी, फिकट होऊन आडवी पडताहेत. दुकानदाराने टॉनिक आणि १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश असलेलं खत) दिलं आहे. डोस किती? शेडनेटला अनुदान मिळेल का?

उत्तर : डोस शून्य. रोप उपाशी नाही, त्याला उजेड कमी पडतोय. उजेड शोधताना ते सगळी ताकद खोड लांबवण्यात घालतं, आणि खोली उबदार असली तर आणखीच सुसाट सुटतं. अशा वेळी नत्र दिलं की खोड जास्त मऊ पडतं. बीजदलांनंतर (बियातून आधी निघणाऱ्या दोन पानांनंतर) पहिली खरी पानं येईपर्यंत बियाण्यातला साठा पुरतो, तोवर खत नकोच.

टॉनिकच्या लेबलवर जिब्रेलिक ॲसिड आहे का बघा. ते खोड लांबवणारं संजीवक आहे, म्हणजे दुखणंच विकत घेतलंत! उलट वाढ रोखायला म्हणून कोणी पॅक्लोब्युट्राझॉल गळ्यात मारलं तर तेही परत करा. ते मातीत बराच काळ टिकतं, आणि बोटभर रोपाला डोस मोजणार कशाने? ‘थोडंसं टाकून बघू’ हेही नको.

टोमॅटो हमखास वाचतो. त्याच्या खोडालाच मुळं फुटतात, म्हणून खालची पानं खुडून शेंड्याची तेवढी वर ठेवा आणि बाकी खोड मातीत गाडा. लोक भीत भीत इंचभर गाडतात. बिनधास्त खोल लावा. मिरची मात्र बीजदलांपर्यंतच. काकडी गाडू नका, खोड कुजू शकतं. नवं बी टोका.

पांढरी एलईडी ट्यूब शेंड्यापासून १५ ते २० सेंमीवर, रोज १४ ते १६ तास, रात्री बंद. बाहेर नेणार असाल तर कोवळ्या उन्हात तासाभरापासून सुरुवात करून ७ ते १० दिवसांत वाढवत जा. एकदम दुपारच्या उन्हात ठेवलीत तर पानं करपतील, आणि मग दुकानदार बुरशीनाशक देईल. तेही घेऊ नका.

पाणी वरची माती सुकल्यावरच. मातीलगत खोड बारीक, काळपट होऊन रोप कोलमडलं तर तो मर रोग, बुरशीमुळे होणारा. ते काढून फेका.

शेडनेटचं अनुदान? मिळालं तरी उपयोग काय, तुमच्या रोपांना सावली नको आहे.

पुढच्या वेळी बी विरळ पेरा आणि पहिला कोंब दिसला त्याच दिवशी झाकण काढून ट्रे उजेडात न्या. दुसऱ्या दिवशी नाही.