ऑफ, ॲट, बिफोरच्या याद्या पाठ करू नकोस

अरे इंग्रजीतल्या या छोट्या शब्दांच्या याद्या पाठ करणं आधी बंद कर, डोक्यात काही राहत नाही. ठाणे-वाशी लोकलमध्ये चढलास की एकच वाक्य घोळव, 'गेट ऑफ ॲट ऐरोली बिफोर द क्राउड गेट्स इन'. 'गेट' या क्रियापदाला चिकटलेलं ऑफ क्रियाविशेषण, ॲट शब्दयोगी, आणि बिफोरनंतर अख्खं वाक्य आलंय म्हणून ते उभयान्वयी, नुसतं 'बिफोर ऐरोली' असतं तर तेच शब्दयोगी झालं असतं. खरी गोची इट आलं की होते, 'टर्न इट ऑफ' बरोबर, 'टर्न ऑफ इट' चूक, पण 'लुक ॲट इट'मध्ये इट शेवटीच, कारण ॲट शब्दयोगी आहे ना. इट मध्ये बसतं की शेवटी, ही टेस्ट प्रत्येक नवीन क्रियापदाला लावून बघच. आणि 'डिस्कस अबाउट' प्लीज नको, नुसतं 'डिस्कस' म्हण, ऑफिसात सगळे बोलत असले तरी.