वाचक विचारतात : करीचा शॉट, करीचा घोटा आणि पगाराचा हिशेब

पॅरिस ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात (10 ऑगस्ट 2024) अमेरिकेच्या स्टेफन करीने फ्रान्सविरुद्ध शेवटच्या तीन मिनिटांच्या आत चार थ्री-पॉइंटर (लांबच्या रेषेबाहेरून मारलेले तीन गुणांचे शॉट) टाकले आणि अमेरिकेने 98-87 असा विजय मिळवला. तेव्हापासून बास्केटबॉलबद्दल येणारे बरेचसे प्रश्न त्याच्याच भोवती फिरतात. त्यातले काही निवडक.

प्रश्न : मुलगा तेरा वर्षांचा आहे. चेंडू कमरेपासून उचलून थ्री-पॉइंट रेषेवरून मारतो आणि बरेचदा बास्केटही होतो. कोच म्हणतात शॉट बदला. तो म्हणतो, करीसुद्धा असाच मारायचा. कोणाचं ऐकायचं? (नाशिक)

मुलगा खरं सांगतोय, पण अर्धंच. करी शार्लटच्या शाळेत असताना खरोखरच कमरेजवळून चेंडू फेकायचा, कारण अंगात ताकद कमी होती. दहावीनंतरच्या सुट्टीत वडिलांनी, म्हणजे डेल करींनी, तो शॉट पूर्ण मोडला. डेल स्वतः एनबीएत, म्हणजे अमेरिकेच्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये, 16 मोसम खेळलेले पट्टीचे शूटर. त्यांना दिसलं की कॉलेजात लांब हातांचे बचावपटू समोर आले की खालून निघालेला चेंडू वाटेतच अडणार. चेंडू डोक्याच्या वर नेऊन सोडायचा, एवढाच बदल, पण त्याला सुमारे तीन महिने लागले. त्या काळात करीचा लांबचा शॉट पोचतच नव्हता. आयुष्यातली सगळ्यात वाईट सुट्टी, असं तो त्याबद्दल सांगत आला आहे.

तेव्हा कोचचं ऐका, पण वेळ नीट निवडा. स्पर्धा तोंडावर असताना शॉट बदलायला घेतला, तर नवा बसत नाही आणि जुनाही हातचा जातो. सुट्टीत सुरू करा.

आधी चेंडू तपासा. मुलांसाठी 7 नंबरचा चेंडू (परिघ 75 ते 77 सें.मी., वजन साधारण 600 ग्रॅम) तेराव्या-चौदाव्या वर्षापासून ठीक. अंगाने बारीक असेल तर वर्षभर 6 नंबर वापरला तरी काही बिघडत नाही. मुलींसाठी 6 नंबरच. लहान हातात मोठा चेंडू दिला की तो आपोआप कमरेपाशी उतरतो, आणि दोष मात्र मुलाच्या सवयीला लागतो.

सुरुवात रिंगपासून एक मीटरवरून, एका हाताने. चेंडू बोटांच्या पेरांवर, तळहात आणि चेंडू यांच्यात थोडी पोकळी. कोपर चेंडूखाली, बाहेर पसरलेलं नको. गुडघे वाकवून उठताना चेंडू कपाळाच्या वर जातो आणि मनगट पुढे झुकतं. शॉटनंतर हात एक-दोन सेकंद तसाच वर ठेवायचा. दुसरा हात नंतर जोडायचा, तोही फक्त बाजूने टेकवायला. चेंडू आडवा फिरत जात असेल तर त्या हाताचा अंगठा ढकलतोय, असं समजा. रोज शंभर-दीडशे शॉट पुरेत. दहापैकी सात पडले आणि पद्धत मोडली नाही, की एक पाऊल मागे. ज्या अंतरावर चेंडू पुन्हा कमरेकडे उतरू लागेल, ते अंतर त्याच्या ताकदीबाहेरचं. तिथून पुढे यायचं, हट्ट नको. मैदान मिळालं नाही तर पाठीवर झोपून चेंडू सरळ वर टाकायचा. तो हात न हलवता परत हातात आला, तर दिशा बरोबर.

प्रश्न : करीचे शॉट इतके उंच का जातात? सपाट चेंडू लवकर पोचणार नाही का? (बेळगाव)

पोचेल, पण आत जाणार नाही. रिंगचा आतला व्यास 45.7 सें.मी. आणि चेंडूचा सुमारे 24. चेंडू सरळ वरून पडला तर पूर्ण रिंग मोकळी मिळते. 45 अंशांत उतरला तर त्याच्यापुढे फक्त 32 सें.मी. रुंदीची फट असते, 35 अंशांत 26 सें.मी. 31 अंशांच्या खाली ती फट चेंडूपेक्षाही अरुंद होते आणि चेंडू कडेला घासल्याशिवाय आत जाऊच शकत नाही. म्हणून उंची हवी. पण फार उंच मारला तर ताकद जास्त लागते आणि लांबीचा अंदाज चुकतो. करीचं खरं वेगळेपण चेंडू सोडण्याच्या वेगात आहे. तो उडीच्या टोकाला थांबत नाही, वर जातानाच चेंडू सोडतो. त्यामुळे 188 सें.मी. उंचीचा माणूस दोन मीटरच्या बचावपटूसमोर मारू शकतो.

प्रश्न : सिमेंटच्या कोर्टवर खेळतो. उजवा घोटा वर्षात तीनदा मुरगळला. अँकलेट बांधतो, तरी होतंच. करीलाही हाच त्रास होता ना? त्याने काय केलं? (कोल्हापूर)

करीच्या उजव्या घोट्यावर मे 2011 आणि एप्रिल 2012 अशा दोन शस्त्रक्रिया झाल्या. पहिलीत अस्थिबंध दुरुस्त केले, दुसरीत सांध्यातली खराब ऊती आणि हाडांचे कंगोरे साफ केले. 2011-12च्या 66 सामन्यांच्या मोसमात तो 26 सामने खेळला. पुढच्या मोसमात 78 खेळला आणि 272 थ्री-पॉइंटरचा तेव्हाचा विक्रम केला. घोटा टिकवण्यासाठी त्याने पुढे काय केलं, तेच तुमच्या कामाचं.

एकदम थांबणं आणि दिशा बदलणं यांचा सगळा भार करीच्या घोट्यावर येत होता. संघाचे तेव्हाचे ताकद-प्रशिक्षक कीकी लाइल्स यांनी तो भार खुब्यांकडे वळवला. नितंबाचे आणि मांडीमागचे स्नायू मजबूत केले, कमरेतून वाकायची पद्धत बदलली. पुढे करी आपल्या वजनाच्या दुपटीहून जास्त, म्हणजे 400 पाउंडांपर्यंत डेडलिफ्ट करू लागला. घोट्याचे आधारपट्टे तो आजही वापरतो, पण काम पट्ट्यांनी केलेलं नाही. तुमची गफलत इथे आहे : पट्टा घोट्याला आवरतो, पण वरून येणारा धक्का कमी करत नाही.

आधी डॉक्टरांना दाखवा. मुरगळल्यावर चार पावलंही टाकता येत नसतील किंवा घोट्याच्या हाडावर दाबल्यावर जोरात दुखत असेल, तर एक्स-रे हवाच. तीनदा झालंय म्हणजे अस्थिबंध सैल झाला आहे का, तेही तपासून घ्या.

त्यांनी परवानगी दिली की एका पायावर 30 सेकंद उभं राहण्यापासून सुरुवात करा. जमलं की डोळे मिटून, मग घडी घातलेल्या सतरंजीवर. त्याबरोबर एका पायावर टाच उचलणं, 15चे तीन संच. नंतर पाठीला काठी लावून कमरेतून वाकणं. काठी डोकं, पाठ आणि माकडहाड अशा तिन्ही जागी टेकलेली राहिली पाहिजे. तीच हालचाल पुढे एका पायावर करायची. शेवटी उडी मारून एका पायावर उतरून थांबायचं. गुडघा आत वळला तर खुबा कमकुवत आहे, घोट्याला दोष देऊ नका. सहा ते आठ आठवडे लागतात. बहुतेक जण तिसऱ्या आठवड्यात सूज उतरली म्हणून मैदानात उतरतात आणि चौथ्या आठवड्यात पुन्हा दवाखान्यात जातात. सिमेंटवर वाळूचे कण साचतात, खेळण्याआधी झाडून घ्या. बूट तळाला गुळगुळीत झाले की टाकून द्या.

प्रश्न : करीने 2012 साली कमी पैशांत करार केला आणि नुकसान करून घेतलं, असं म्हणतात. खरं का? (ठाणे)

त्या दिवशी पाहिलं तर नाही. ऑक्टोबर 2012मध्ये त्याने चार वर्षांसाठी 4.4 कोटी डॉलर स्वीकारले, तेव्हा दुसऱ्या शस्त्रक्रियेला फार महिने झाले नव्हते. एनबीएच्या करारात रक्कम सहसा हमीची असते : पाय गेला तरी पैसे जात नाहीत. दुखऱ्या घोट्याच्या खेळाडूसाठी तो विमाच होता. तोटा नंतर दिसला. 2015 आणि 2016 असा सलग दोनदा तो मोसमाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, दुसऱ्यांदा तर एकमताने, आणि पगार वर्षाला सव्वा कोटीच्याही आत. 2016 साली टीव्हीच्या नव्या करारामुळे संघांची वेतनमर्यादा 7 कोटींवरून 9.4 कोटींवर गेली. करी स्वस्तात असल्याने त्याच्या संघाला, गोल्डन स्टेटला, केव्हिन ड्युरांटसारखा बडा खेळाडू घेता आला. 2017 आणि 2018ची विजेतेपदं त्यातूनच आली. 2017मध्ये करीने पाच वर्षांचा 20.1 कोटींचा करार केला, 20 कोटींवरचा पहिलाच.

हातात पडणारी रक्कम मात्र बरीच कमी असते. अमेरिकेच्या केंद्र सरकारचा कर वरच्या टप्प्यात 37 टक्के, कॅलिफोर्नियाचा (गोल्डन स्टेट तिथलाच संघ) 13.3 टक्क्यांपर्यंत, शिवाय ज्या राज्यात सामना तिथला कर, आणि एजंटचं मानधन.

प्रश्न : ड्राफ्टमध्ये खेळाडू स्वतः संघ निवडतो का? आणि भारतातून कोणी गेलं आहे का? (सोलापूर)

नाही, ड्राफ्ट म्हणजे एनबीएच्या संघांनी दरवर्षी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडणं. दोन फेऱ्या असतात. 2009मध्ये मिनेसोटाने पाचव्या आणि सहाव्या क्रमांकावर दोन पॉइंट गार्ड (करीच्याच जागेवर खेळणारे, चाल रचणारे खेळाडू) घेतले, तरी करीला सोडलं. सातव्यावर गोल्डन स्टेटने उचललं. पंजाबचा सतनाम सिंग 2015 साली 52व्या क्रमांकावर डॅलसने निवडला, पण त्याला एनबीएचा एकही सामना मिळाला नाही. निवड होणं आणि संघात जागा मिळणं या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत.

प्रश्न : टीव्हीवर करीकडे चेंडू नसतानाही दोन-दोन खेळाडू त्याच्या मागे का पळतात? (फोंडा, गोवा)

कारण पास दिल्यावर तो थांबत नाही. बहुतेक खेळाडू पास देऊन बघत उभे राहतात, म्हणून करीचा बचावपटू तेवढाच क्षण मान वळवतो आणि करी कोपऱ्यात पोचलेला असतो. गोल्डन स्टेटची आवडती चाल अशी : सहकारी ड्रेमंड ग्रीनकडे चेंडू, करी दुसऱ्या शूटरच्या बचावपटूची वाट अडवायला आडवा उभा राहायला जातो. आडोसा पूर्ण होण्याआधीच तो सटकतो. दोन्ही बचावपटू करीमागे गेले की दुसरा मोकळा, दोघेही थांबले की करी मोकळा. पुढच्या सामन्यात पाच मिनिटं चेंडूकडे न बघता फक्त करीकडे बघा. तुमच्या संघात हे बसवायचं असेल तर तिघांत खेळा, ड्रिबल बंद, आणि नियम एकच : पास दिला की तीन पावलं पळायचंच.