बादलीत थेट थेंब टाकू नको

पोरी, सुगंधी तेलाची कुपी आणलीस हे चांगलं केलंस, पण ते थेट बादलीत टाकू नको. तेल पाण्यात विरघळत नाही. वर तरंगतं आणि पहिल्याच तांब्यात निव्वळ अर्क अंगावर येतो. मी हेच करून बसले होते. पुदिन्याच्या तेलानं पाठ अशी झोंबली की भर मे महिन्यात हुडहुडी भरली!

आपल्याकडे टब कुठला, मोरी आणि बादलीच. म्हणून चहाचे 2 चमचे तिळाच्या तेलात 3 थेंब मिसळ, हातापायांना, खांद्यांना चोळ, 10 मिनिटं बस, मग कोमट पाणी घे. बंबातलं कढत पाणी नको, कातडी कोरडी पडते. पहिल्यांदा मात्र कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून दिवसभर वाट पाहा.

सुरुवात लॅव्हेंडरनं कर, नाहीतर आपल्या रोशा गवताच्या तेलानं. मेळघाटाकडच्या डोंगरांत हे गवत उगवतं; बाजारात त्याच्या तेलाला पामारोझा म्हणतात, वास गुलाबाच्या जवळचा. वावरातून दमून आल्यावर मला तेच बरं वाटतं. दुखणं जातं असं मी म्हणणार नाही, झोप बरी लागते इतकंच.

लिंबाचं तेल लावून आपल्या उन्हात जाऊ नको, चट्टे पडू शकतात. निलगिरी लहान लेकरांच्या तोंडाजवळ नको. दिवस गेले असतील तर आधी डॉक्टरला विचार. आणि हो, मोरीतली फरशी निसरडी होते. आंघोळ झाली की साबणानं घासून घे.