वाड्याच्या ओट्यावरचा दुसरा प्रश्न

नाशिक

चि.,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा मेसेज तीन वेळा वाचला. सिव्हिलची पदवी झाली, साइटवर दोन वर्षं काढलीस, आणि आता रिअल इस्टेट व्हॅल्युएशन आणि अ‍ॅसेट मॅनेजमेंटमध्ये पुढचं शिक्षण घ्यावं का, असं विचारलं आहेस. घे. पण का घे, ते सांगायला मला एका वाड्यापासून सुरुवात करावी लागेल.

काही वर्षांपूर्वी पंचवटीत, रामकुंडापासून हाकेच्या अंतरावर, एका वाड्याचं व्हॅल्युएशन माझ्याकडे आलं. तिघा भावांच्या वाटणीचं काम होतं. मी टेप लावली, मालमत्ता पत्रक पाहिलं, रेडीरेकनरचा (सरकारी दरतक्त्याचा) दर काढला, आसपासची पाच खरेदीखतं तपासली आणि आकडा दिला. आकडा बरोबर होता, आजही मी त्यावर सही करेन. निघताना ओट्यावर बसलेल्या थोरल्या वहिनी म्हणाल्या, "भाऊ, किती ते कळलं. आता आम्ही काय करायचं, ते सांगा." मी म्हणालो, "तो तुमचा निर्णय." आणि गाडी सुरू केली. वर्षभरात त्यांनी पहिल्या आलेल्या गिऱ्हाइकाला वाडा देऊन टाकला. ते अजून मला लागून राहिलं आहे.

नंतर एका रात्री मी तो हिशोब मांडून बसलो. वाडा गोदावरीच्या निळ्या पूररेषेच्या आत, म्हणजे नदीकाठच्या पूरपट्ट्यात होता. तिथे नव्या बांधकामावर कडक निर्बंध असतात, म्हणून "इतका एफएसआय (जागेवर मंजूर होणारं बांधकाम), इतके फ्लॅट, त्यातून बांधकामखर्च आणि नफा वजा, उरली ती जागेची किंमत" ही पद्धत तिथे सरसकट लावता येत नाही. शेजारच्या गल्लीतली, रेषेबाहेरची खरेदीखतंही मग तशीच्या तशी तुलनेला घेता येत नाहीत. वाडा दुरुस्त करून यात्रेकरूंना खोल्या दिल्या तर? उत्पन्न निघतं. पण सिंहस्थाच्या वर्षी खोलीला जो भाव मिळतो, तो बारा वर्षांना लावला की सगळं गणित खोटं पडतं. २०१५ ला मिळालं आणि २०२७ ला मिळेल, ते एका वर्षाचं. मधली अकरा वर्षं वेगळी धरायची. त्यात पाणी दुतोंड्या मारुतीच्या (गोदेतल्या ज्या मूर्तीवरून नाशिककर पूर मोजतात तिच्या) कमरेला लागलं की तळमजला रिकामा करायचा, त्याचाही खर्च आला. २००८ चा पूर पाहिलेल्या माणसाला हे समजवावं लागत नाही, पण रिपोर्टात ते दिसलं पाहिजे. तीन वाटा होत्या: विकणं, दुरुस्त करून चालवणं, किंवा रस्त्याकडचा पुढचा भाग गाळ्यांना देऊन मागे राहणं. तिन्हींची दहा वर्षांची आवक-जावक मांडून, आजच्या पैशात आणून, शेजारी-शेजारी ठेवली असती तर वहिनींना उत्तर मिळालं असतं. मला तेव्हा ते शिकवलेलंच नव्हतं.

अ‍ॅसेट स्ट्रॅटेजी म्हणतात ती हीच. किंमत काढणं हा पहिला प्रश्न, मालकाने त्या मालमत्तेचं काय करावं हा दुसरा. मास्टर्स या दुसऱ्या प्रश्नासाठी कर.

पण पहिल्या प्रश्नातही फसगत आहे. कॉलेज रोडवरचा एक गाळा समज, भाडं महिना ४०,०००. वर्षाचे ४,८०,०००, त्यातून घरपट्टी, दुरुस्ती आणि रिकाम्या महिन्यांचे ८०,००० काढले, उरले ४,००,०००. गुंतवणुकीवर ८ टक्के परतावा धरला, म्हणजे या रकमेला ८ टक्क्यांनी भागलं, तर भांडवली मूल्य ५० लाख. ७ धरलेस तर ५७ लाखांच्या वर, १० धरलेस तर ४०. गाळा तोच, भाडेकरूही तोच. हा दर कुठून आणलास, हे तुला बँकेच्या अधिकाऱ्यापुढेच नाही तर कोर्टातही सांगता आलं पाहिजे. "बाजारात असंच चालतं" हे उत्तर नाही. ज्या कोर्समध्ये हा दर सौद्यांतून काढायला लावतात तो चांगला, जिथे तो प्रश्नपत्रिकेतच छापून देतात तिथे फी भरू नकोस.

नियमांचं थोडक्यात सांगतो. कंपनी कायद्याखाली २०१७ च्या नियमांनुसार नोंदणीकृत मूल्यांकक व्हायचं तर जमीन-इमारत या वर्गात सिव्हिल, आर्किटेक्चर किंवा टाउन प्लॅनिंगची पदवी आणि पुढे ५ वर्षांचा अनुभव लागतो. मूल्यांकनातली दोन वर्षांची पूर्णवेळ पदव्युत्तर पदवी असेल तर ३ वर्षांचा. त्यावर ५० तासांचा अभ्यासक्रम आणि परीक्षा. वल्लभ विद्यानगरच्या सरदार पटेल विद्यापीठाचा मूल्यांकनाचा अभ्यासक्रम यासाठी जुना आणि ओळखीचा आहे. एमबीएवाले रिअल इस्टेटचे कोर्स चमकदार असतात, तिथे फंड आणि रीट (भाड्याच्या मालमत्तांत अनेकांचा पैसा गुंतवणारा, शेअर बाजारात नोंदलेला ट्रस्ट) शिकायला मिळतं (आपल्याकडे पहिलं रीट बाजारात आलं ते २०१९ मध्ये). पण ती पदवी या नियमात बसते का, हे प्रवेशाआधी लेखी विचारून घे.

जाण्याआधी एक काम कर. सातबारा नुसता बघू नकोस, वाच. "इतर हक्क" हा रकाना आधी, मालकाचं नाव नंतर. भोगवटादार वर्ग २ दिसला की थांब, कारण परवानगी आणि नजराणा लागणाऱ्या जमिनीला वर्ग १ चा भाव लावणं ही चूक मी अनेक रिपोर्टांत पाहिली आहे. दिंडोरीकडचे पाच फेरफार (मालकीबदलाच्या नोंदी) मागे मागे वाचत गेलीस, तर कोणतंही पुस्तक देणार नाही असं काही हाती लागेल. समृद्धी महामार्गामुळे इगतपुरीकडे जे भाव सांगतात, त्यातले किती प्रत्यक्ष नोंदणीत उतरले, हेही निबंधक कार्यालयात बघ. सांगितलेला भाव आणि लिहिलेला भाव यांतलं अंतर हाच चांगला प्रबंधविषय होईल.

त्या वाड्याची फाईल मी कपाटातून काढून ठेवली आहे, नावं झाकून. रविवारी सकाळी ये. माझा आकडा पाहू नकोस, आधी तू तिन्ही वाटांचा हिशोब मांड. मग दोघं बसून तपासू.

तुझा,
काका